सारंग ते ऑपरेटर : रत्नागिरीच्या यंत्रचालकांच्या वेतनाची गोष्ट

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमचा एक जुना विद्यार्थी विभागात आला. द्वितीय वर्ष कला वर्गात मराठी विषय घेऊन शिकत असतानाच तो अर्ध्यावर निघून गेला होता. अशी मुले दरवर्षी जातात आणि आम्ही हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल रेघ ओढतो. या मुलाला आखातातल्या एका कामासाठी अनुभवाचा दाखला हवा होता. आठ वर्षे तो यंत्रावर होता : पहिली दोन हेल्पर म्हणून, पुढची सहा जेसीबी आणि पोकलेनवर ऑपरेटर म्हणून. या काळात त्याने तीन मालक केले आणि तिघांपैकी एकानेही त्याला कधी कागद दिला नव्हता. पगार हातात रोख, उचल वहीत, आणि ती वही मालकाची.

"सर, तुम्ही लिहून द्याल का?" त्याने विचारले.

आम्ही काय लिहून देणार? अमुक विद्यार्थी तमुक वर्षी आमच्याकडे शिकत होता, त्याची वर्तणूक चांगली होती, याउपर आमच्या सहीला अर्थ नाही. तेव्हा त्याने खिशातून मोबाइल काढला आणि छायाचित्रे दाखवली. यंत्राच्या केबिनमध्ये एक छोटा मीटर असतो. इंजिन किती तास चालले ते त्यावर उमटत राहते. यंत्राचे भाडे या तासांवर ठरते, तेल बदलण्याची वेळ याच तासांवरून कळते, आणि यंत्र विकायला काढले की गिऱ्हाईक पहिल्यांदा हाच आकडा पाहते. आमच्या विद्यार्थ्याने दर महिन्याच्या शेवटी त्या मीटरचे छायाचित्र काढून ठेवले होते. "शेवटचं मशीन चार हजार तास चाललं, सर. त्यातले साडेतीन हजार तरी माझे."

यंत्राच्या तासांची नोंद होती. माणसाच्या तासांची नव्हती. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच. आम्ही दोघेही साहित्याचे अध्यापक. अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु 'यंत्र चालवणाऱ्याला पगार किती आणि त्याचे पुढे काय होते' हा प्रश्न घेऊन आम्ही रत्नागिरीच्या गेल्या दीडशे वर्षांकडे मागे वळून पाहू लागलो, तेव्हा पगाराच्या आकड्यापेक्षा कागदाचाच इतिहास अधिक हाती लागत गेला. तो येथे मांडतो आहोत.

प्रारंभ समुद्रापासून करणे भाग आहे. कोकणात मोठे यंत्र प्रथम आले ते आगबोटीच्या रूपाने. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, युरोपच्या आगबोटींची मुंबईकडील ये-जा वाढली आणि त्या बोटींना स्वस्त हात हवे झाले. हे हात पुरवणाऱ्या मुलखांत रत्नागिरी जिल्हा अग्रभागी होता. (त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात धरलेला, तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी.) जमीन थोडी, खोती पद्धतीने ती आणखी आखडलेली, पाऊस उदंड पण पीक चार महिन्यांचे. या जिल्ह्याने माणसे बाहेर धाडली नसती तरच नवल. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती, आणि तीत सव्वा लाखाहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती.

त्यांतले बरेच गिरण्यांत गेले, काही गोदीत, काही पोलिसांत, आणि किनारपट्टीचे, विशेषतः कोकणी मुसलमान व भंडारी-खारवी समाजांतले अनेक जण बोटीवर गेले. पी अँड ओ सारख्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे काम रत्नागिरीकडच्या माणसांकडे, इंजिनखोलीतले बहुधा पंजाब-सरहद्दीकडच्या माणसांकडे आणि भटारखाना व जेवणघर गोवेकरांकडे, अशी एक विभागणीच पडून गेली होती.

भाषेच्या अभ्यासकाने बोटीवरच्या या माणसांच्या हुद्द्यांकडे जरूर पाहावे. डेकवर सर्वांत खाली खलाशी, त्यावर कसाब, त्यावर तांडेल, आणि सर्वांत वर सारंग. इंजिनखोलीत कोळसा ओढणारा तो कोयलावाला, भट्टीत कोळसा घालणारा तो आगवाला, यंत्राला तेल पाजणारा तो तेलवाला आणि डाँकी इंजिन सांभाळणारा तो डाँकीवाला. अरबी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी अशा सगळ्या भाषांतून गोळा झालेली ही शब्दसंपत्ती. 'सारंग' हा फारसी 'सरहंग'चा, म्हणजे नायकाचा, वंशज. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळे आहे. हे शब्द म्हणजे एक शिडी आहे. खलाशी म्हणून चढलेला पोरगा पुढे काय होणार, हे त्याला पहिल्या दिवशीच शब्दांतून कळत असे. प्रत्येक पायरीला नाव होते आणि नावाला पगार होता. आजही किनाऱ्यावर तांडेल आणि सारंग ही आडनावे आढळतात. हुद्दा एवढा प्रतिष्ठेचा ठरला की तो घराण्याला चिकटला. 'ऑपरेटर' हे आडनाव झालेले आम्ही अजून ऐकलेले नाही.

या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. त्याच बोटीवर तेच काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाच्या तुलनेत हिंदी खलाशाचे वेतन चौथ्या-पाचव्या हिश्शाइतके असे. झोपायची जागा कमी, शिधा हलका, आणि करार असा की विलायतेच्या बंदरात उतरून तेथेच राहण्याचा मार्ग बंद. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ च्या शरद ऋतूत, ब्रिटनच्या बंदरांत हिंदी खलाशांनी संप केले. पाणसुरुंगांच्या समुद्रात जायचे तर पगार वाढवा, एवढेच त्यांचे म्हणणे. कित्येकांना तुरुंग पाहावा लागला; पण वेतन वाढले. आमच्या स्वातंत्र्यलढ्याच्या पाठ्यपुस्तकांत या संपांना एक ओळ मिळाली असती तर बरे झाले असते.

दुसरे दुखणे घरचेच होते. बोटीवर जागा सारंगाच्या शब्दावर मिळे आणि तो शब्द फुकट मिळत नसे. ज्याला बोट हवी त्याने आधी सारंगाचा, घाटावरच्या दलालाचा, राहत्या कुडाच्या म्हणजे क्लबाच्या चालकाचा वाटा द्यायचा. सफर संपून हाती आलेल्या पैशातला मोठा भाग या देण्यात जाई. जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात गिरणीच्या जॉबरविषयी आणि बोटीवरील भरतीविषयी जी टीका केली, तिचा रोख एकच होता : काम देणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस मजुरीतला हिस्सा खातो.

तथापि, या पिळवणुकीतही खलाशाजवळ एक वस्तू असे. त्याचे नोंदपुस्तक. बोटीचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा, आणि शेवटी काम व वर्तणूक यांबद्दल कप्तानाचा शेरा. पुढची बोट त्या पुस्तकावर मिळे. कप्तानाने शेरा देण्याचे नाकारले तर माणूस घरी बसे, म्हणून हा कागद दुधारी होता हे आम्ही विसरत नाही. पण सफरी त्याच्या नावावर जमा होत. बोट भंगारात गेली तरी त्याचे समुद्रावरचे महिने शिल्लक राहत. स्वातंत्र्यानंतर मुंबईत नाविकांसाठी सरकारी रोजगार कार्यालय आले, १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा आला, पाळीने काम देण्याची यादी आली; आणि सारंगाच्या हातातली भरतीची किल्ली हळूहळू कागदाकडे गेली. आज रत्नागिरी, दापोली, गुहागरच्या किनाऱ्यावर जी चिरेबंदी दुमजली घरे दिसतात, त्यांपैकी अनेकांच्या पायात हे 'सीडीसी' नावाचे पुस्तक आहे.

गिरण्यांची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. तेथेही जॉबर होता, बदलीवाला होता, दस्तुरी होती. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली-नियंत्रणाची पद्धत आली आणि बदली कामगाराला निदान एक ओळखकार्ड मिळाले. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने वेतनाचे प्रमाणीकरण केले. २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये हे तळाचे मूळ वेतन ठरले आणि त्यावर साचेवाला, रिंगवाला, फिटर अशा प्रत्येक कामाचा दर्जा कागदावर बसवला गेला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने ते सारे जग मोडले, हा इतिहास स्वतंत्र आहे. येथे एक वाङ्मयीन निरीक्षण नोंदवून पुढे जातो. चिपळुणात जन्मलेल्या मामा वरेरकरांनी आपल्या गिरणी-जीवनावरील कादंबरीला 'धावता धोटा' हे नाव दिले. मराठी कादंबरीच्या नावात यंत्राचा भाग आला तो असा. पण पुढच्या कोकणी कादंबरीत आपल्याला खोत भेटतो, भटजी भेटतो, ट्रंक घेऊन शिमग्या-गणपतीला येणारा चाकरमानी भेटतो; तो चाकरमानी दिवसाचे आठ तास ज्या यंत्रापुढे उभा असतो ते यंत्र मात्र सहसा भेटत नाही. गावाला त्याचा पगार मनीऑर्डरने कळे. काम कळत नसे.

यंत्र कोकणातच आले, आणि कोकणातल्या माणसाने आपल्याच मातीवर ते चालवले, असा पहिला मोठा प्रसंग कोयना प्रकल्पाचा. १९५४ मध्ये काम सुरू झाले. धरण घाटावर, पण पाणी बोगद्यांतून सह्याद्री भेदून खाली उतरते ते चिपळूण तालुक्यात, पोफळीच्या भूमिगत वीजघरात; तेथे १९६२ मध्ये वीज निर्माण होऊ लागली. मागाहून अलोऱ्याची वसाहत, कोळकेवाडीचे धरण, तिसरा टप्पा आणि चौथा टप्पा. १३ मार्च १९९९ रोजी कोयना जलाशयाच्या तळाखालून स्फोट करून पाणी बोगद्यात घेतले गेले, ते याच मालिकेतले. चार दशके या परिसरात डोझर, डंपर, लोडर, क्रेन, कॉम्प्रेसर चालत राहिले आणि दऱ्याखोऱ्यांतली, चौथी-सातवी शिकलेली मुले त्यांवर चढली.

आमच्यापैकी एकाचे वडील त्यांतलेच. कोळकेवाडीला ते रोजंदारीवर लागले. आधी डोझरखालची खडी बाजूला करणे, मग डिझेल भरणे, मग ग्रीसिंग, आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटरने 'बस' म्हटले म्हणून त्यावर बसणे. शिकण्याची ही पद्धत आजतागायत बदललेली नाही. बदलले ते पुढचे.

पाटबंधारे व बांधकाम खात्यांच्या रोजंदारी कामगारांसाठी १९६७ मध्ये एक तडजोड झाली. तिला सर्वजण कालेलकर करार किंवा कालेलकर निवाडा म्हणतात. (कोयनेच्या भूकंपाचेही तेच वर्ष, खात्यातल्या जुन्या माणसांच्या स्मरणात दोन्ही घटना शेजारी शेजारी असतात.) त्यानुसार सलग पाच वर्षे रोजंदारीवर काढलेला कामगार एका नव्या वर्गात जाई. त्या वर्गाचे नाव वाचकांनी सावकाश वाचावे : 'रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना.' नियमितही आणि अस्थायीही! व्याकरणाच्या तासाला विरोधाभासाचे उदाहरण म्हणून हे नाव आम्ही एकदा फळ्यावर लिहिले आणि वर्ग हसला. घरी वडिलांना ते सांगितले, तर ते हसले नाहीत. त्यांच्या मते मराठी भाषेत याहून सुंदर चार शब्द नव्हते. त्या चार शब्दांनी त्यांना वेतनश्रेणी मिळाली, रजा मिळाली, महागाई भत्ता मिळाला, सेवापुस्तक मिळाले आणि शेवटी निवृत्तिवेतन मिळाले. आमच्यापैकी एकाचे एम. ए. त्या चार शब्दांवर झाले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ही पाच वर्षे पुरी होऊ नयेत म्हणून कामगाराला मध्येच चार-आठ दिवसांचा खंड देण्याचे प्रकार घडत आणि त्यावरून दावेही लढले गेले. म्हणजे व्यवस्था उदार होती असे नव्हे. परंतु लढायला हजेरीपट नावाचा एक कागद तरी होता. 'मी या दिवशी कामावर होतो' हे वाक्य कोर्टात सिद्ध करता येत होते.

यानंतरचा टप्पा कोकण रेल्वेचा, आणि येथे गोष्ट वळते. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सुमारे ७४० किलोमीटरच्या संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा; पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. कठीण कातळासाठी स्वीडनहून जलदाबावर चालणारी छिद्रणयंत्रे आणली गेली. या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मार्ग बांधताना ७४ माणसे मृत्यू पावली. रत्नागिरी स्थानकावर त्यांचे स्मारक आहे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही तेथे एकदा मुद्दाम घेऊन गेलो होतो. गाडीची वाट पाहणारे प्रवासी त्याच्या आसपास सामान ठेवून बसले होते.

काम जलद व्हावे म्हणून ते तुकड्यांनी ठेकेदारांना दिले गेले. ठेकेदाराची यंत्रे, ठेकेदाराची माणसे. ज्यांची जमीन गेली त्यांना महामंडळाच्या नोकरभरतीत प्राधान्य मिळाले आणि कोकणातली अनेक घरे त्यामुळे उभी राहिली. पण ती नोकरी गाडी सुरू झाल्यानंतरची, रुळावरची व स्थानकातली. डोंगर फोडणाऱ्या यंत्रावर जो होता तो तुकडा संपताच यंत्राबरोबर पुढच्या राज्यात गेला किंवा गावात परत आला. कोयनेचा डोझरवाला सरकारचा माणूस होता. कोकण रेल्वेच्या कटिंगवरचा ऑपरेटर यंत्राचा माणूस झाला. हा बदल कोणी आदेश काढून केला नाही. म्हणूनच त्याची तारीख सांगता येत नाही.

याच काळात यंत्रांची नावे मराठीत रुजली. पोकलेन ही मुळात एक फ्रेंच कंपनी. लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने येथे खोदाईयंत्रे बनवली आणि आता साखळीवर चालणारे कुठलेही खोदाईयंत्र, ते कोणत्याही कंपनीचे असो, मराठीत पोकलेनच. जेसीबी हे एका इंग्रज उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे. १९७९ मध्ये ती कंपनी एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत भारतात आली आणि आता 'जेसीबी लावली' हे शुद्ध मराठी क्रियापद आहे. यंत्राला घरचे नाव मिळाले, त्याचे स्त्रीलिंग ठरले, पोरे ते पाहायला बांधावर गोळा होऊ लागली. ते चालवणाऱ्यासाठी मराठीने शब्द घडवला नाही. 'यंत्रचालक' शासननिर्णयात राहिला. बोलण्यात 'ऑपरेटर', आणि बरेचदा तेही नाही. 'जेसीबीवाल्याला सांग' म्हटले की त्यात मालक आणि चालवणारा दोघेही येतात, भाडे ठरवायचे असेल तर मालक आणि गडगा मोडला असेल तर चालवणारा. बोटीवर जेथे आठ-दहा नावांची शिडी होती तेथे येथे दोनच शब्द उरले : हेल्पर आणि ऑपरेटर. ऑपरेटरच्या वर काय, या प्रश्नाला भाषेतच उत्तर नाही.

आता प्रत्यक्ष पगार. रत्नागिरी परिसरात जेसीबीचे भाडे तासाला हजार-बाराशे रुपयांच्या आसपास असते. त्यावर बसलेल्या माणसाला महिन्याला, मालक आणि हात पाहून, साधारण अठरा ते पंचवीस हजार. पोकलेनवर थोडे अधिक. वर रोजचा भत्ता आणि कामावर असताना जेवण. हेल्परला याच्या निम्मे, आणि सुरुवातीला कित्येकदा केवळ जेवण व भत्ता. आकडा पाहता वाईट नाही. आमच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एखाद्या पदव्युत्तर सहकाऱ्याला हातात याहून कमी पडतात, हे येथे ओशाळून नमूद करतो. परंतु हा पगार बारा महिन्यांचा नसतो. जून ते सप्टेंबर कोकणात माती हलवता येत नाही; यंत्र ताडपत्रीखाली आणि ऑपरेटर अर्ध्या पगारावर किंवा घरी. भविष्यनिर्वाह निधी बहुतेकांना ऐकून माहीत. महामार्गावर वा बंदरावर मोठ्या कंपनीच्या हजेरीवर असलेल्यांची गोष्ट वेगळी. पण तेथेही यंत्रे बहुधा उपठेकेदारांकडून भाड्याने येतात आणि ऑपरेटर यंत्राबरोबर, डिझेलच्या टाकीसारखा, भाड्यातच धरलेला असतो.

पुढचा रस्ता काय? स्वतःचे यंत्र घेणे, हे पहिले उत्तर प्रत्येक जण देतो. नव्या जेसीबीची किंमत तीस लाखांच्या वर जाते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम सुरू झाल्यापासून कर्ज काढून यंत्र घेतलेले आणि दोन पावसाळ्यांत हप्ता थकून ते गमावलेले तरुण आमच्या परिचयाचे आहेत. टिकलेलेही आहेत, पण त्यांच्यापाशी आधीच आंब्याची बाग, चिरेखाण किंवा डंपर असे काही होते. दुसरे उत्तर प्रशिक्षणाचे. यंत्रचालकांसाठी राष्ट्रीय पातळीवर कौशल्य परिषद आहे, तिची प्रमाणपत्रे आहेत. आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणित करण्याची सोयही आहे. कागदाचा प्रश्न सोडवू पाहणारी ही एकच गोष्ट आम्हांला दिसली. पण ज्या मालकाला कागदाशिवाय चालणारा हात हवा आहे तो प्रमाणपत्र मागत नाही, आणि मागत नाही म्हणून मुलगा ते काढत नाही. मोटार वाहन कायद्याखालचा परवाना यंत्र रस्त्यावरून नेण्यासाठी; जांभ्याच्या उतारावर पाच मीटरचा काप कसा घ्यावा याची परीक्षा त्यात नसते.

तिसरे उत्तर आखाताचे. सत्तरच्या दशकापासून कोकण त्या वाटेवर आहे. दहावी उत्तीर्ण असलेल्याला आता उत्प्रवासन खात्याच्या मंजुरीची अट नाही, तेवढा अडथळा कमी. पण तेथला मालक विचारतो तो प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विलायती बोटीच्या कप्तानाने विचारला होता तोच : याआधी कोठे होतास, किती दिवस, कागद दाखव. खारव्याचा नातू तो दाखवू शकतो. पोकलेनवाला दाखवू शकत नाही.

तर आमचा विद्यार्थी. आम्ही त्याला अलोऱ्याला घेऊन गेलो. सत्तरीपुढचे निवृत्त डोझरवाले आणि हा तिशीतला ऑपरेटर पडवीत समोरासमोर बसले. अण्णांनी त्याला दहा-बारा प्रश्न विचारले. ओल्या मातीत यंत्र रुतले तर आधी काय करशील? वरच्या अंगाला घर असेल तर काप कोठून सुरू करशील? ब्रेकर लावल्यावर बूम किती उचलावा? तास कधी झाला ते कळले नाही. मग अण्णा आत गेले आणि आपले सेवापुस्तक घेऊन आले. कापडी बांधणीचे, कडा झिजलेले. पहिल्या पानावर अंगठ्याचा ठसा आणि उंची, मग पान पान नोंदी. मुलाने ते उलटून पाहिले आणि विचारले, "हे तुम्हांला कोणी दिलं?" "दिलं नाय रे," अण्णा म्हणाले, "युनियनने भांडून घेतलं."

आम्ही शेवटी एक पत्र लिहिले. कोणती यंत्रे, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या गावांतली कामे, मीटरवरचे तास. अण्णांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली आपला हुद्दा पूर्ण लिहिला, चारही शब्दांसह. मुंबईच्या एजंटाने ते पत्र वाचले आणि परत केले. मराठी विभागाचा शिक्का यंत्राच्या अनुभवाला चालत नाही, हे त्याचे म्हणणे नियमाला धरूनच होते. चाचणीत मुलगा उत्तीर्ण झाला. पण लेखी अनुभव शून्य म्हणून करार हेल्परच्या पगारावर झाला. ऑगस्टमध्ये तो गेला. तेथे त्याला लोडरवर बसवले आहे, पगार करारातलाच.

महिनाअखेरीस त्याच्याकडून मीटरचे छायाचित्र येते. विभागातल्या एका जुन्या हजेरीपटाची मागची पाने कोरी होती. त्यांवर आम्ही त्याचे तास उतरवून ठेवतो आहोत. आजवर सहाशे बारा झाले.